दुसऱ्यांच्या गाण्यांचे दोन तास

माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर एक फोल्डर आहे, त्यात सुटी गाणी नाहीत, नुसते मिक्स आहेत, म्हणजे डीजेने दुसऱ्यांची गाणी एकात एक मिसळून सलग वाजवलेले कार्यक्रम. कुठला तासाचा, कुठला दोन तासांचा, एखादा त्याहूनही लांब. फाइलींची नावं धड नाहीत. कुणाचं स्पेलिंग चुकलंय, कुणापुढे फक्त तारीख आहे, एकीचं नाव ‘हे ऐकच’ इतकंच. घरी कुणी विचारलं की तासन्‌तास कानाला लावून एवढं काय ऐकतेस, तर ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हणून मी सुटका करून घेते. कारण पुढचा प्रश्न मला माहीत असतो. त्यात त्या डीजेचं स्वतःचं काय? गाणी तर दुसऱ्यांचीच ना?

प्रश्न रास्त आहे. पण ज्याने चार वारकरी कीर्तनं नीट ऐकली आहेत त्याला तो पडू नये. कीर्तनकार निरूपणाला अभंग घेतो तो तुकोबांचा. प्रमाणाला ओवी ज्ञानेश्वरीतली, मग नाथांचं काही, मग नामदेवांचं. यातली एक ओळ त्याची नाही. तरी गावात विचारतात ते ‘आज कीर्तन कुणाचं?’ असंच. कशामागून काय आणायचं, कुठे थांबायचं, टाळकऱ्यांना चाल कधी उचलू द्यायची, गजर किती ताणायचा, हे सगळं त्याचं. आणि तेवढ्यावरच लोक एकाला ऐकायला दहा मैल जातात आणि दुसऱ्याच्या वेळी मंडपात पेंगतात. मिक्समध्ये मी नेमकं हेच ऐकत असते.

माझ्या आवडत्या मिक्सपैकी पहिल्याच्या नावात गोवा आहे, आणि गोव्याशी या प्रकाराचं नातं नावापुरतं नाही. सत्तरच्या दशकात हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर हिप्पी जमले तेव्हा तिथे रॉक आणि रेगे वाजायचं. ऐंशीच्या दशकात लॉराँ नावाचा एक फ्रेंच डीजे आणि त्याच्यासारखे काही जण युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कॅसेटवर भरून आणायला लागले. गाण्यातले शब्द कापून टाकायचे, नुसत्या वाद्यांचा भाग जोडून जोडून लांबवायचा आणि रात्रभर तोच चालवायचा. रेकॉर्डच का नाही आणल्या? उन्हात रेकॉर्डचं विनाइल, म्हणजे प्लास्टिक, वाकतं, वाळू खाचांत जाते, आणि पेटीभर रेकॉर्ड विमानातून आणायच्या म्हणजे वजन. म्हणून आधी कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल आवाजाची आगपेटीहून जरा मोठी टेप.

डॅटची एक अडचण होती. टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर, गाण्याचा वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो, त्या छोट्या डॅट प्लेयरवर तो करता येत नसे. दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर बसवायचे तर ते नशिबानेच बसले तर बसणार. मग गाणी बनवणाऱ्यांनीच वाट काढली. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला, नुसत्या तरंगत्या सुरांचा लांबलचक भाग ठेवायचा, म्हणजे एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात सहज मिसळते. या संगीताला पुढे गोवा ट्रान्स म्हणू लागले. त्याची ती धुकट, कुठून सुरू झाली ते न कळणारी सुरुवात पुष्कळांना अध्यात्म वाटते. तिच्यामागे निम्मा भाग अध्यात्माचा असेलही, उरलेला निम्मा यंत्राला बटण नसल्याचा आहे. मला हे कळलं तेव्हा ती गाणी जास्त आवडायला लागली.

या किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं नाव गोवा गिल. मूळचा कॅलिफोर्नियाचा, साधूंच्या ‘जुना आखाडा’ या पंथाची दीक्षा घेतलेला, जटाधारी, आणि एका बैठकीत चोवीस तास वाजवणारा. २०२३च्या ऑक्टोबरात तो वारला. त्याच्या पार्ट्यांभोवती गावातल्या बायका चटया अंथरायच्या, रॉकेलचे दिवे लावायच्या आणि चहा, ऑम्लेट-पाव विकायच्या. रात्रभर नाचणारे थकले की त्या चटयांवर येऊन पडायचे. त्या बायकांनी या संगीताचे जितके तास ऐकले असतील तितके युरोपातल्या कुठल्याच समीक्षकाने ऐकले नसतील. त्यांचं मत कुणी लिहून घेतलं असतं तर मी ते आधी वाचलं असतं.

माझी मावशी आसगावला राहायची. डिसेंबरात तिच्याकडे गेलं की रात्री खिडकीतून खालचा ठोका तेवढा ऐकू यायचा. वरचे बारीक सूर वाटेतल्या झाडांत, घरांच्या भिंतींत जिरून जातात, खर्जाच्या लांब लहरी मात्र अडथळ्याला वळसा घालून पुढे येतात. मावशी म्हणायची, ‘आमकां फकत धप-धप मेळटा, गाणें तुमकां.’ पुढे २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, उघड्यावरचे स्पीकर रात्री दहानंतर बंद करणं कायद्याने भाग झालं, आणि हे सगळं हळूहळू बंदिस्त क्लबांत गेलं. मला त्या जुन्या रात्रींचं आकर्षण आहे हे खरं, पण मावशीच्या झोपेची बाजू मी विसरू शकत नाही.

तर तो मिक्स. बीबीसी रेडिओ वनवर ३० ऑक्टोबर १९९३ रोजी ‘इसेन्शियल मिक्स’ सुरू झाला. निवेदक पीट टाँग, आणि पहिला मिक्सही त्याचाच. कल्पना साधी होती. शनिवारी रात्री उशिरा एका डीजेला दोन तास द्यायचे आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. १८ डिसेंबर १९९४च्या कार्यक्रमात पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेने जे दोन तास वाजवले ते ‘गोवा मिक्स’ म्हणून ओळखले जातात. सिल्व्हर आणि गोल्ड असे त्याचे दोन भाग. ‘मॅन विथ नो नेम’ हे नाव लावणाऱ्या संगीतकारासारख्यांचं त्या वेळचं ताजं गोवा ट्रान्स त्यात आहे, पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. ट्रान्स ऐन भरात असताना ठोका नाहीसा होतो आणि त्या जागी सिनेमाचं पार्श्वसंगीत येतं. व्हॅन्जेलिसने ‘ब्लेड रनर’ला दिलेलं संगीत त्यात आहे. नाचणारा पाय अधांतरी राहतो. आपण कुठे आलो ते कळत नाही, कळेकळेपर्यंत खालून ठोका परत सुरू झालेला असतो आणि आता तो आधीपेक्षा मोठा वाटतो, जरी आवाज तेवढाच असला तरी.

डॅटच्या सक्तीमुळे गोव्यात जी ठोक्याविना पोकळी तयार झाली होती, ती ओकनफोल्डने हाताशी सगळी साधनं असताना मुद्दाम ठेवली आणि तिच्यात सिनेमा भरला. त्याला मी याचेच सगळ्यात जास्त गुण देते. मात्र नावाला भुलून त्याला गोव्याचा आवाज म्हणू नये. यात चटया नाहीत, सकाळचं ऊन नाही, आठ तासांचा कंटाळा तर मुळीच नाही, आणि कंटाळा हा त्या पार्ट्यांचा मोठा भाग होता असं तिथे गेलेले सगळे सांगतात. हा लंडनच्या डिसेंबरात घरात बसून ऐकणाऱ्यांसाठी केलेला गोवा आहे. तरी मी तो ऐकते. मीही तो घरात बसूनच ऐकला.

कसा, तेही सांगते. पुण्यात आमच्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड होतं, २५६ केबीपीएसचं, आणि त्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, पैसे नाहीत. दोन तासांचा बरा एमपीथ्री म्हणजे पावणेदोनशे एमबीच्या आसपास, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर दीड तास. सुरळीत चालायचं नाही. डाऊनलोड मॅनेजरला वेळ लावून झोपायचं आणि सकाळी दात घासायच्या आधी स्क्रीन बघायचा. अशा रीतीने एका रात्रीत दोन किंवा तीनच मिक्स मिळत. आता वाटतं, म्हणूनच ते इतक्या वेळा ऐकले गेले. आवडला नाही म्हणून दहाव्या मिनिटाला दुसरा लावायची सोयच नव्हती, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात नावडलेले पुष्कळ मिक्स चौथ्या ऐकण्यात आवडते झाले.

हे सगळं हातांनी कसं चालतं ते बघायला मिळालं ते खूप नंतर, कोथरूडमधल्या एका ओळखीच्या मुलाच्या खोलीत. त्याच्याकडे टेक्निक्स कंपनीची दोन टर्नटेबलं होती. एका रेकॉर्डवरचं गाणं स्पीकरवर चालू, दुसरं फक्त त्याच्या हेडफोनमध्ये, तेही एकाच कानाला, मान तिरकी करून खांद्याने दाबून धरलेलं. उजव्या हाताला वेगाची पट्टी. ती पुढे-मागे आठ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे मिनिटाला १३० ठोक्यांचं गाणं साधारण १२० ते १४०च्या मध्ये कुठेही नेता येतं. पण तो पट्टीला जवळजवळ हात लावत नव्हता, लावला तर नखभर. बाकीचं काम बोटाच्या टोकाने, फिरत्या तबकडीच्या कडेला किंचित रेटून किंवा किंचित अडवून. मग ठोके जुळले. तरी त्याने दुसरं गाणं लगेच आत आणलं नाही. त्याने आठ-आठ मापांचा (एका मापात चार ठोके) हिशोब तोंडातल्या तोंडात मोजला, नव्या गाण्याचा खर्ज पूर्ण बंद करून वरचा भाग तेवढा सोडला, आणि बत्तिसावा ठोका संपताच दोन बटणं एकदम फिरवली. जुन्याचा खर्ज गेला, नव्याचा आला. खोलीतली हवा बदलल्यासारखी वाटली आणि गाणं बदललं हे मला अर्ध्या मिनिटाने कळलं. दोन्ही खर्ज एकदम चालू राहिले तर काय होतं तेही त्याने करून दाखवलं. चिखल होतो.

गाणं कधी बदललं ते कळू न देण्याची कला पाहायची तर साशा आणि जॉन डिग्वीड या ब्रिटिश डीजेंचा १९९६चा ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ ऐकावा. दोन सीडी, आणि पहिलीवर घाई म्हणून नाही. डेक्कन क्वीनमध्ये खिडकीशी बसून मी तो इतका ऐकलाय की खंडाळ्याच्या बोगद्यांत तो कुठवर आलेला असायचा ते अजून सांगता येईल. याच जोडीचा त्याआधीचा, १९९४चा ‘रेनेसाँ’ या इंग्लंडमधल्या क्लबसाठीचा तीन सीडींचा संच इतिहासाच्या दृष्टीने मोठा. तोवर असे मिक्स बहुतेक चोरून भरलेल्या कॅसेटवर फिरत, दुकानात रीतसर मिळणारे थोडे. पण मला तो आज जरा गोड लागतो.

याच्या अगदी उलट टोकाला जेफ मिल्स. डेट्रॉइटचा हा डीजे १९९५च्या ऑक्टोबरात टोकियोतल्या लिक्विड रूम या क्लबमध्ये वाजवत होता, ते रेकॉर्डिंग पुढच्या वर्षी ‘मिक्स-अप’ मालिकेत निघालं. टर्नटेबलं तीन. तासाभरात तीसहून जास्त रेकॉर्ड, कुठलीही दोन-तीन मिनिटांहून फार टिकत नाही. एक संपायच्या आत दुसरी येते, दुसरी बसायच्या आत तिसरी. यात सांधा लपवायचा प्रयत्नच नाही. ठोके सरकतात आणि ते ओढून परत जागेवर आणल्याचं ऐकू येतं, मागे गर्दीचा ओरडा आहे, आवाज एखाद्या ठिकाणी फाटतोसुद्धा. स्टुडिओत बसून हे सगळं साफ करता आलं असतं. केलं नाही ही केवढी मोठी गोष्ट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दम लागला होता, बसल्या जागी. आजही स्वयंपाक करताना हा मिक्स मी लावत नाही, फोडणी जळते.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या लोकांना मिक्स सीडीवर आणताना हातांपेक्षा मोठं काम वकिलांचं असायचं, आणि याचा कळस म्हणजे २००२ सालचा टू मेनी डीजेजचा ‘ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स पार्ट टू’. टू मेनी डीजेज म्हणजे बेल्जियममधल्या गेंटचे डेव्हेले बंधू. एका गाण्याचे शब्द, दुसऱ्याची गिटार, तिसऱ्याचा ढोल असं घेऊन त्यांनी तासाभराची मोट बांधली. द स्टूजेसच्या उग्र रॉकवर सॉल्ट-एन-पेपाचं रॅप बसवलंय, आणि दोन मिनिटांनी वाटतं की ही दोन्ही एकमेकांसाठीच लिहिली होती. त्यासाठी त्यांनी १८७ गाण्यांची परवानगी मागितली. ११४ मिळाल्या, ६२ जणांनी नकार दिला, आणि ११ गाण्यांचे मालकच सापडले नाहीत. मला या आकड्यांतला शेवटचा फार आवडतो. अकरा गाणी, जी जगात वाजत होती आणि जी कुणाचीच नव्हती.

हा मिक्स ऐकताना हसू येतं. नृत्यसंगीतावर लिहिणारे लोक (मीसुद्धा त्यात आले) फार लवकर गंभीर होतात, तंद्री आणि समाधी असले शब्द काढतात, आणि चांगल्या डीजेला विनोद कळावा लागतो हे सोडून देतात. कीर्तनात हास्यरसाची जागा ठरलेली आहे, ती का, हे मंडपात तिसऱ्या तासाला बसलेल्या कुणालाही विचारा.

लंडनमधल्या फॅब्रिक या क्लबने २००१पासून पत्र्याच्या डबीतून मिक्स सीडी काढल्या, २०१८मध्ये शंभराव्या अंकावर ती मालिका थांबली. त्यातल्या छत्तिसाव्या, २००७च्या सीडीवर रिकार्डो व्हिलालोबोस या डीजेने एक आगाऊपणा केला. मिक्समध्ये सगळ्या रचना स्वतःच्याच वापरल्या. काही त्याने इतरांबरोबर केलेल्या, पण बाहेरचं असं काही नाही. याला मिक्स म्हणायचं की अल्बम, यावर तेव्हा बरीच हुज्जत झाली. माझं मत अल्बमच्या बाजूने आहे. संगीत अप्रतिम आहे, पण कीर्तनकार उभा राहून सगळे स्वतःचेच अभंग म्हणायला लागला तर टाळकरी एकमेकांकडे बघतील. दुसऱ्याच्या ओळीला शरण जायचं आणि तरी आपलं म्हणणं मांडायचं, हा ताण त्यात उरत नाही.

वर्षअखेरीच्या मिक्सबद्दल माझं फारसं बरं मत नाही. आर्मिन व्हॅन ब्यूरेन या डच डीजेचा ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’ हा रेडिओ कार्यक्रम २००१पासून चालू आहे. तेव्हा तो नेदरलँड्समध्ये गुरुवारी संध्याकाळी आठला लागायचा, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. शुक्रवारी लाल डोळ्यांनी कॉलेजात येणारी एक अख्खी जमात मी पाहिली आहे, मीही काही काळ तिच्यात होते. २००४पासून तो दरसाल अख्ख्या वर्षाचा मिक्स करतो. हिशोबाला ठीक, ‘हे आठवतं का’ म्हणायला छान. पण प्रत्येक गाण्याचा फक्त कळसाचा तुकडा घेतला की चढच उरत नाही. दोन तास नुसती शिखरं, पायथा कुठेच नाही. फेस्टिव्हलच्या मोठ्या मंचावरचं वाजवणंही त्याच वाटेने गेलं. २००७च्या डिसेंबरात कांदोळीच्या किनाऱ्यावर पहिला सनबर्न झाला तेव्हा कार्ल कॉक्स आला होता, तो जुन्या वळणाचा, हळूहळू तापवणारा. २०१६मध्ये हा फेस्टिव्हल पुण्याजवळ केसनंदला आला तोवर एकेका डीजेला मिळणारा वेळ आणि श्रोत्यांचा धीर दोन्ही आटले होते. तासाभरात काय पायथा दाखवणार?

याला उत्तर म्हणून मी निकोलस जार या संगीतकाराचा २०१२चा इसेन्शियल मिक्स ऐकवते. तेव्हा तो बाविशीचा होता. नृत्यसंगीताच्या सर्वांत मानाच्या कार्यक्रमात त्याने सुरुवातीचा बराच वेळ नाचता येण्यासारखं जवळजवळ काहीच वाजवलं नाही. बोलण्याचे तुकडे, पियानो, अंतर ठेवून येणारे सूर. ठोका येतो तो विचारून आल्यासारखा, आणि परत जातो. त्या वर्षीचा सर्वोत्तम इसेन्शियल मिक्स म्हणून तोच निवडला गेला. ओकनफोल्डने दोन गाण्यांमधल्या पोकळीत सिनेमा भरला होता, जारने पोकळीच मिक्सएवढी मोठी केली. गोव्यातल्या त्या डॅटपासून इथपर्यंतची रेघ मला स्पष्ट दिसते. कुणी ती ओढाताण म्हणेल, म्हणू दे.

आता कुणाला यातलं काही ऐकावंसं वाटलं तर एक व्यवहाराची गोष्ट. सीडीवरचे मिक्स ॲपवर पुष्कळदा वेगवेगळ्या गाण्यांत चिरून ठेवलेले असतात. शफल चालू असेल तर संपलंच. आणि जुने एमपीथ्री असतील तर दर सांध्यावर क्षणभर शांतता ऐकू येईल. एमपीथ्री आवाज ११५२ नमुन्यांच्या (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप) ठरावीक तुकड्यांत साठवतो, म्हणजे सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या हिश्शाएवढ्या. शेवटचा तुकडा भरला नाही की उरलेली जागा शांततेने भरली जाते. साध्या गाण्याला त्याने काही बिघडत नाही. मिक्समध्ये मात्र ज्या जागेसाठी डीजेने मान तिरकी करून बत्तीस ठोके मोजले, नेमकी तीच जागा तुटते. तेव्हा शफल बंद करा, क्रॉसफेड (ॲपने गाणी आपोआप एकमेकांत मिसळणं) बंद करा, गॅपलेस (मध्ये खंड न पडू देणं) चालू करा, किंवा मिळाला तर अख्खा मिक्स एकाच फाइलमध्ये शोधा. सुरुवात नॉर्दर्न एक्स्पोजरच्या पहिल्या सीडीने. जेफ मिल्स नंतर, आणि गॅस बंद करून.